डाउनलोड व्यवस्थित, अपलोड रखडलेलं: बिघाड घरात आहे की लाइनवर, हे कसं शोधायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला राहत्या फ्लॅटमध्ये फायबरचं १०० एमबीपीएसचं कनेक्शन, प्लॅनमध्ये अपलोडही १०० लिहिलेलं. डाउनलोड ९० च्या पुढे येतं, अपलोड मात्र दिवसा ३-४ आणि रात्री कधीकधी एकाच्याही खाली. दहावीच्या गणिताचे तासाभराचे व्हिडिओ यूट्यूबवर चढवायचे असतात आणि एका व्हिडिओला अख्खी संध्याकाळ जाते. कंपनीचा माणूस आला, मोबाइलवर स्पीड टेस्ट काढली, "डाउनलोड बरोबर येतंय, म्हणजे लाइन ओके आहे" असं सांगून तक्रार बंद करून गेला. नवा राउटर आणला, फरक शून्य. आता पुढे काय करायचं?

आधी ते "लाइन ओके आहे" डोक्यातून काढून टाका. डाउनलोड चांगलं येतं म्हणून लाइन चांगली, हा निष्कर्षच चुकीचा आहे आणि अपलोडच्या निम्म्या तक्रारी याच वाक्यावर बंद होतात.

घरी येणारं फायबर बहुतेक ठिकाणी जीपॉन पद्धतीचं असतं. ऑपरेटरकडच्या मशीनला ओएलटी म्हणतात, तुमच्या भिंतीवरच्या डब्याला ओएनटी. ओएलटीच्या एका पोर्टवरून एकच काचेची तार निघते, वाटेत स्प्लिटरमधून तिचे ३२ किंवा ६४ फाटे होतात आणि त्यातला एक तुमच्या घरी येतो. खाली येणारा डेटा १४९० नॅनोमीटरच्या प्रकाशावर येतो. ओएलटी तो अखंड पाठवत राहते, तो सगळ्या घरांत पोहोचतो आणि प्रत्येक ओएनटी आपापला तेवढा उचलतो. वर जाणारा डेटा १३१० नॅनोमीटरवर जातो आणि तिथे सगळी घरं एकाच तारेवर बोलत असल्याने एका क्षणी एकालाच परवानगी असते. कोणत्या ओएनटीने कधी आणि किती वेळ बोलायचं हे ओएलटी ठरवते. तुमच्या डब्यातला लेझर आपली पाळी आली की सुरू होतो आणि संपली की बंद होतो, सेकंदाला हजारो वेळा.

म्हणजे डाउनलोडसाठी ओएलटीचा लेझर आणि तुमचा रिसीव्हर चांगला हवा. अपलोडसाठी तुमचा लेझर, त्याची वेळ, शेजाऱ्यांच्या ओएनटींची शिस्त, ओएलटीचा रिसीव्हर आणि ओएलटीवर तुमच्या नावाने लावलेलं अपलोडचं प्रोफाइल (वेगमर्यादेची नोंद), एवढं सगळं जागेवर हवं. डाउनलोडची टेस्ट यातलं फारसं काही तपासत नाही. क्षमताही सारखी नाही. जीपॉनच्या एका पोर्टवर खाली २.४८८ जीबीपीएस मिळतात, वर १.२४४. चौसष्ट घरांनी एकदम अपलोड लावलं तर वाट्याला प्रत्येकी १९ एमबीपीएससुद्धा धड येत नाहीत. असं सहसा होत नाही, कारण सगळे एकदम अपलोड करत नाहीत. पण रात्री जे एकाच्या खाली जातं त्याचं एक कारण इथेही असू शकतं.

तेव्हा शोधाशोध सुरू करताना प्रश्न एकच ठेवा: बिघाड घरात आहे की घराबाहेर? याचं उत्तर मिळेपर्यंत काहीही विकत घेऊ नका.

त्यासाठी वाय-फाय बाजूला ठेवायचं. लॅपटॉप लॅन केबलने थेट ओएनटीला जोडा. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा गिगाबिट अडॅप्टर मिळतो, तेवढा मात्र घ्या. घरातले बाकीचे सगळे फोन, टीव्ही, कॅमेरे वाय-फायवरून काढा. सगळ्यात सोपं म्हणजे ओएनटीचं वाय-फायच तेवढ्यापुरतं बंद करा. लॅपटॉपवर वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स जे काही चालू असेल ते थांबवा. ऑफिसचं व्हीपीएन असेल तर तेही. मग स्पीड टेस्ट घ्या, एकदा ऑपरेटरच्या स्वतःच्या सर्व्हरवर, एकदा दुसऱ्या कंपनीच्या मुंबईतल्या सर्व्हरवर. सकाळी एकदा, दुपारी एकदा, रात्री नऊ ते अकराच्या मध्ये एकदा. आकडे वेळेसकट लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. पुढे तक्रारीत हेच कामाला येतात.

ऑपरेटरच्या सर्व्हरवर अपलोड पूर्ण आणि बाहेरच्या सर्व्हरवर पडलेलं असेल, तर तुमची तार आणि तुमचा डबा दोन्ही चांगले आहेत. ऑपरेटरची बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी कमी पडतेय. त्यात घरी काही करण्यासारखं नाही. दोन्हीकडे पडलेलं असेल तर दोष तुमच्यापासून ओएलटीपर्यंत कुठेतरी आहे. आणि केबलने जोडल्यावर अपलोड एकदम सुधारलं, तर दोष घरातला आहे.

टेस्ट चालू असताना शेवटच्या आकड्यापेक्षा वर चढणारा आलेख बघा. मला स्वतःला त्यातून जास्त कळतं. आलेख सुरुवातीपासून एका आकड्यावर सपाट चालतो, समजा बरोब्बर १० वर, आणि सकाळ-रात्र तिथेच राहतो, तर कुठेतरी मर्यादा लावलेली आहे. तार खराब असती तर इतकी शिस्त दिसली नसती. आलेख चढतो, धाडकन पडतो, पुन्हा चढतो, असे करवतीचे दाते दिसले तर पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, वाटेत गळतायत. सकाळी झकास आणि रात्री मंद, तर गर्दी आहे. शेजाऱ्यांची किंवा तुमच्याच घरातली.

आता घरातली कारणं. वाय-फायचं झटकन सांगतो. राउटरचा आवाज मोठा असतो आणि फोनचा बारीक. लांबच्या खोलीत फोनला राउटर नीट ऐकू येतो, राउटरला फोन येत नाही. म्हणून लांब गेल्यावर अपलोड आधी पडतं. ५ गिगाहर्ट्झवर जोडा, जवळ बसा, आणि व्हिडिओ चढवण्याचं काम रोजचं असेल तर टेबलापर्यंत एक केबल ओढून घ्या. वाय-फायची रेंज वाढवणारा छोटा एक्स्टेंडर अपलोडच्या कामाला लावू नका. बरेचसे एक्स्टेंडर त्याच चॅनेलवर ऐकतात आणि त्याच चॅनेलवर पुढे पाठवतात, त्यात वेग निम्मा होतो.

लॅन केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात. चारच नीट लागल्या असतील तर जोडणी १०० वर येते आणि १०० च्या प्लॅनला ते चालून जातं. खरी अडचण जुन्या इमारतींमध्ये असते, जिथे फायबर जिन्यातल्या नेटवर्क स्विचपर्यंत (अनेक घरांना कनेक्शन वाटणारा डबा) येतं आणि तिथून घरी साधी लॅन केबल किंवा मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारा डबा) असतो. तिथे एका टोकाला कुणीतरी हाताने १०० फुल डुप्लेक्स (दोन्ही दिशांना एकाच वेळी) लावून ठेवलेलं असतं आणि दुसरं टोक ऑटोवर असतं. ऑटोवालं टोक हाफ डुप्लेक्सवर (एका वेळी एकच दिशा) घसरतं. मग एका दिशेला बरा वेग आणि दुसऱ्या दिशेला काहीच नाही, हे चित्र तंतोतंत दिसतं. दोन्ही टोकं ऑटोवर आणली की मिनिटात सुटतं. तुमच्याकडे फायबर थेट घरात आलंय, त्यामुळे हे कारण बहुतेक नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाकडे जिन्यातला स्विच असेल तर आधी तिकडे बघा.

राउटरच्या सेटिंगमध्ये कोणत्या कामाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी क्यूओएस नावाची सोय असते. ती चालू करताना अपलोडचा वेग किती ते विचारते. कुणीतरी कधीतरी जुन्या प्लॅनचा आकडा टाकलेला असतो, नंतर प्लॅन वाढतो, आकडा तोच राहतो आणि अपलोड त्याच्यावर सपाट अडकतं. तुम्ही राउटर बदलून बघितला म्हणता, तेव्हा हेही बाद.

जे बाद होत नाही ते घरातल्या इतर उपकरणांचं चोरटं अपलोड. हे मी सविस्तर सांगतो, कारण लोकांच्या हे लक्षातच येत नाही. क्लाउडवर रेकॉर्डिंग करणारा एक फुल एचडी कॅमेरा सतत एक-दोन एमबीपीएस वर पाठवत असतो. दारात एक, गॅलरीत एक, पार्किंगमध्ये एक, असे तीन झाले की हिशोब करा. संध्याकाळी घरातली माणसं परत येतात, फोन वाय-फायला लागतात, चार्जिंगला लावले जातात आणि गुगल फोटोज, आयक्लाउड, व्हॉट्सॲपचा बॅकअप हे सगळं त्याच वेळी सुरू होतं. लग्नाहून परत आलेल्या घरात तर दोन-दोन दिवस फोटो चढत असतात. १०० च्या अपलोडला हे सहज पेलतं. पण लाइनवर आधीच काही कारणाने ५ च मिळत असतील तर तुमच्या व्हिडिओला उरतं ते एकाच्या खाली.

आणि अपलोड तुडुंब भरलं की नुसतं अपलोडच मंद होत नाही. ओएनटी आणि राउटरमध्ये पाठवायच्या पॅकेटची रांग साठते. पान उघडण्याची छोटी विनंतीसुद्धा त्या रांगेत मागे उभी राहते, झूमवर आवाज तुटतो, ऑनलाइन शिकवणीत मुलं म्हणतात "मॅडम, तुमचा आवाज कट होतोय". हे ओळखायचं असेल तर मोठी फाइल चढत असताना पिंग, म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ, बघा. एरवी १० मिलिसेकंद असलेलं पिंग ४००-५०० वर गेलं, तर रांग साठतेय. याच्यावर औषध असं की राउटरलाच मोजलेल्या अपलोडच्या ८५ ते ९० टक्क्यांवर थांबायला सांगायचं, म्हणजे रांग ओएनटीत न साठता राउटरच्या हातात राहते. ओपनडब्ल्यूआरटी हे फुकट सॉफ्टवेअर चालणाऱ्या राउटरवर एसक्यूएम म्हणून सोय आहे, तिच्यात केक नावाची पद्धत निवडा. साध्या राउटरवर ती नसेल तर निदान कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर घ्या आणि फोनचे बॅकअप मध्यरात्रीनंतर होतील असं बघा.

हे सगळं बंद करून, केबलने थेट ओएनटीला जोडूनही ३-४ च येत असेल तर घराचा प्रश्न संपला. आता घराबाहेरच्या तीन गोष्टी तपासून घ्यायच्या आहेत.

पहिली, प्रोफाइल. फायबरवर अपलोडची मर्यादा दोन ठिकाणी असते: एक तुमच्या लॉगिनच्या खात्यावर आणि एक ओएलटीवर तुमच्या ओएनटीच्या नावाने. प्लॅन बदलताना खात्यावरचा आकडा बदलतो आणि ओएलटीवरचा राहून जातो. मी बघितलेल्या "डाउनलोड ठीक, अपलोड सपाट" तक्रारींमध्ये सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण हेच आहे आणि दुरुस्तीला ऑफिसात बसलेल्या माणसाची पाच मिनिटं लागतात. पण तुमचा वेग दिवसा आणि रात्री वेगवेगळा आहे, सपाट नाही. म्हणून मला दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाची शंका जास्त आहे.

दुसरी, पॉवर. लाइनमन पॉवर मीटर लावून "मायनस एकवीस येतेय, मस्त आहे" म्हणतो, तो आकडा तुमच्याकडे येणाऱ्या प्रकाशाचा आहे. तुम्हालाही तो ओएनटीच्या पानावर दिसतो. ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ उघडलं की स्टेटसमध्ये आरएक्स पॉवर (येणारा प्रकाश) आणि टीएक्स पॉवर (जाणारा प्रकाश) असे दोन आकडे असतात. आरएक्स साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) हवं, उणे २७ ही काठावरची मर्यादा. टीएक्स म्हणजे तुमच्या लेझरची ताकद, ती सर्रास वापरात असलेल्या जीपॉन डब्यांत अर्धा ते पाच डीबीएमच्या मध्ये हवी. ती उणे दिसत असेल तर लेझर थकलाय, डबा बदलून मागा. टीव्हीच्या बंद कपाटात, इन्व्हर्टरच्या डोक्यावर ठेवलेले ओएनटी उष्णतेने लवकर असे होतात.

पण टीएक्स बरोबर दिसलं तरी तुमचा प्रकाश ओएलटीपर्यंत किती पोहोचला, हे तुम्हाला घरून कधीच दिसत नाही. तो आकडा फक्त ओएलटीवर दिसतो. तुमच्याकडे उणे २० येत असेल तर तिकडेही तुमचा प्रकाश उणे २० च्या आसपासच पोहोचायला हवा. दोन्ही आकड्यांत सात-आठ डीबीचा फरक असेल, किंवा तिकडे उणे २८ च्या पलीकडे दिसत असेल, तर लाइन ओके नाही, कुणी काहीही म्हणो. केबल कोपऱ्यात मुडपली म्हणून फक्त अपलोड गेलं, असं मात्र सहसा होत नाही. मुडपलेली तार लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळवते, म्हणजे १४९० ला आधी त्रास होतो, १३१० ला नंतर. फक्त अपलोड गेलंय आणि लाइनमन नुसती पॅच कॉर्ड (डब्याला जोडलेली छोटी फायबर तार) बदलून निघाला, तर त्याला थांबवा.

तिसरी, पोर्टवरच्या सगळ्या घरांचा सामायिक बिघाड. तो शेजाऱ्यांशी बोलल्याशिवाय कळत नाही. एका सोसायटीत सोळा घरांच्या स्प्लिटरवर सगळ्यांची हीच रड होती: डाउनलोड ठीक, संध्याकाळी सातनंतर अपलोड मेलेलं. प्रत्येकाने वेगवेगळी तक्रार केली होती, प्रत्येकाकडे वेगळा माणूस येऊन पॉवर मोजून गेला होता, चारपाच जणांचे डबे बदलून झाले होते. सगळ्यांच्या पॉवर उत्तम. शेवटी एरर दाखवणाऱ्या ओएलटीच्या स्क्रीनसमोर एक माणूस बसवला आणि जिन्यातल्या डीबी बॉक्सपाशी (स्प्लिटर ठेवलेला डबा) उभं राहून स्प्लिटरमधून एकेक हिरवा कनेक्टर काढायला सुरुवात केली. एक काढायचा, फोनवर विचारायचं "एरर थांबले का?", नाही म्हटलं की परत लावायचा. एका घराचा कनेक्टर काढल्याबरोबर फोनवरून आवाज आला, "थांबले, सगळे थांबले." त्या घरातला ओएनटी आपली पाळी नसतानाही लेझर चालू ठेवत होता. ते घर दिवसभर बंद असायचं, माणूस संध्याकाळी येऊन मेन स्विच चालू करायचा, म्हणून सगळ्यांचं अपलोड संध्याकाळी जायचं. खुद्द त्या माणसाची तक्रार नव्हती. अशा डब्याला या धंद्यात 'रोग ओएनयू' म्हणतात (इंग्रजी rogue, म्हणजे शिस्त मोडणारा; ओएनयू म्हणजे ओएनटीच). तो स्वतः ठीक चालू शकतो आणि बाकीच्या पंधरा घरांचं अपलोड खराब करतो.

तेव्हा तुमच्या मजल्यावर, वरखाली, त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या दोन-तीन घरांत जा आणि रात्री नऊला त्यांच्याकडे अपलोड किती येतं ते बघा. त्यांच्याकडेही पडलेलं असेल तर तुमचा डबा बदलून काही होणार नाही. पोर्टवर गर्दी आहे किंवा असा एखादा डबा आहे. फक्त तुमच्याकडेच पडत असेल तर तुमचा लेझर, तुमचा फाटा किंवा तुमचं प्रोफाइल.

एक वेगळं लक्षण इथेच नोंदवतो. स्पीड टेस्टमध्ये अपलोड पूर्ण येतं, पण मेलला अटॅचमेंट जोडली की किंवा सरकारी पोर्टलवर कागद चढवला की गोल फिरत राहतं, तर तो बहुधा वेगाचा प्रश्न नाही, एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा आहे. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या पीपीपीओई कनेक्शनवर पॅकेट १५०० ऐवजी १४९२ बाइटपर्यंतच जाऊ शकतं. राउटरमध्ये एमटीयू १४९२ करून बघा, व्हीपीएन वापरत असाल तर १४०० पर्यंत खाली या.

आणि ज्यांच्याकडे फायबर नाहीच, घरावर ५जीचा डबा बसवलाय, त्यांनी अपलोडकडून एवढी अपेक्षा ठेवू नये. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवणं आणि घेणं चालतं आणि त्यातला बराच मोठा वेळ डाउनलोडला दिलेला असतो. जुन्या टेलिफोनच्या तारेवरच्या एडीएसएलमध्ये तर अपलोड एक-सव्वा एमबीपीएसच्या पुढे सहसा जात नाही. तिथे कितीही तक्रारी केल्या तरी ते वाढणार नाही, कनेक्शनचा प्रकारच बदलावा लागतो.

लाइन सुधारेपर्यंत तुमची शिकवणी थांबू नये म्हणून एक करा. १०८० रिझोल्यूशनच्या साध्या व्हिडिओला यूट्यूब ८ एमबीपीएस बिटरेट सुचवतं. त्या हिशोबाने तासाचा व्हिडिओ ३.६ जीबीचा होतो आणि ४ एमबीपीएसच्या अपलोडवर तो चढायला दोन तास लागतात. फळा किंवा स्लाइड आणि आवाज एवढंच असेल तर चित्रात हालचाल फारशी नसते. हँडब्रेकसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये तोच व्हिडिओ २ एमबीपीएसवर आणलात तर ९०० एमबी होतो, अर्ध्या तासात चढतो आणि फळ्यावरचं अक्षर तितकंच स्वच्छ दिसतं. एकदा पाच मिनिटांचा तुकडा करून मोबाइलवर बघा, समीकरणातले घातांक वाचता येत असतील तर बिनधास्त तेच ठेवा.

आता ऑपरेटरला फोनवर "नेट स्लो आहे" एवढंच सांगू नका. लेखी पाठवा, असं: "लॅन केबलने थेट ओएनटीला जोडून, वाय-फाय बंद ठेवून घेतलेल्या टेस्ट सोबत आहेत. अपलोड दिवसा ३-४, रात्री १ च्या खाली. कृपया कळवा: ओएलटीवर माझ्या ओएनटीची आरएक्स पॉवर किती दिसते? माझ्या पोर्टवर अपस्ट्रीमला बीआयपी आणि एफईसी एरर किती आहेत? माझ्या ओएनटीला अपलोडचं कोणतं प्रोफाइल लावलं आहे?" (बीआयपी आणि एफईसी एरर म्हणजे वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी.) शेजाऱ्यांचंही पडत असेल तर त्यांचे फ्लॅट नंबर त्यांना विचारून त्याच पत्रात घाला, म्हणजे तक्रार एका घराची न राहता पोर्टची होते आणि ती लाइनमनकडे न जाता नेटवर्कच्या माणसाकडे जाते.

तक्रार क्रमांक नक्की घ्या. तक्रार न सोडवता बंद केली तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे अपील करता येतं. कंपन्यांना ते ठेवावं लागतं आणि त्याचा पत्ता संकेतस्थळावर असतो. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी घेत नाही, त्यामुळे तिकडे मेल करून वेळ घालवू नका. अपिलातही दाद लागली नाही तर ग्राहक मंचाचा (आताचं नाव ग्राहक आयोग) रस्ता मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंच ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

उत्तरात आकडे आले की ते इथे टाका, ओएनटीच्या पानावरचे आरएक्स-टीएक्सही सोबत द्या. दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी ठेवले की दोष डब्यात आहे, फाट्यात आहे की पोर्टवर, ते सांगता येईल.